अपडेटनंतर संगणक अडतो तेव्हा : बुधवारी सकाळी पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाची तपासणी

लक्षणे

काल संध्याकाळी नीट बंद केलेला विंडोजचा संगणक आज सकाळी पुढीलपैकी एखाद्या अवस्थेत सापडला असेल, तर खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात.

• अपडेट चालू असून संगणक बंद करू नये, अशी सूचना पडद्यावर आहे, पण टक्केवारीचा आकडा तास-दीड तास हललेला नाही.
• अपडेट पूर्ण न झाल्यामुळे बदल मागे घेतले जात असल्याचा संदेश येतो, संगणक सुरू होतो, आणि रात्री बंद करताना तेच अपडेट पुन्हा समोर येते.
• संगणक चालतो, पण प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो, किंवा त्याच प्रिंटरची ‘कॉपी १’ अशी दुसरी नोंद झालेली असते. अंगठ्याचे यंत्र, स्कॅनर किंवा डिजिटल सहीचे टोकन ओळखले जात नाही.
• सगळे चालते, पण एक फाइल उघडायला दोन-तीन मिनिटे लागतात.
• अपडेटच्या यादीत तोच त्रुटी-क्रमांक दर महिन्याला दिसतो.
• संगणक सुरू न होता निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागतो.

तालुक्याच्या गावी पतसंस्था, औषधांची दुकाने, शाळांची कार्यालये आणि महा ई-सेवा केंद्रे यांचे संगणक मी बारा वर्षे दुरुस्त करत आलो आहे. या काळात हा एकच बिघाड मी इतक्या वेळा हाताळला आहे, की फोनवर “काल रात्रीपर्यंत चांगला चालू होता” हे वाक्य ऐकले, की मी आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहतो. मायक्रोसॉफ्टची मासिक सुरक्षा-अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आणि ही प्रथा २००३ पासून चालू आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे आपल्याकडे त्याचा पहिला परिणाम बुधवारी सकाळी कार्यालय उघडताना दिसतो. बिघाड त्या आठवड्यातला असेल, तर संशय अपडेटवर घेणे योग्य आहे. तो महिन्याच्या शेवटी उद्भवला असेल, तर कारण बहुधा वेगळे असते, आणि मग अपडेट काढून टाकण्यात वेळ घालवू नये.

अपडेट हे संगणकासाठी सर्वांत कष्टाचे काम असते. हजारो फाइली बदलायच्या, जुन्यांची प्रत राखून ठेवायची, मध्येच काही चुकले तर सगळे पूर्ववत करायचे, आणि हे सारे वापरणाऱ्याची झोप चालू असताना. भरलेली डिस्क, संपलेला सेल, दमलेली यूपीएसची बॅटरी ही जुनी दुखणी एरवी दडून राहतात आणि त्या रात्री वर येतात. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांपैकी बहुतेकांत दोष अपडेटचा नव्हता, या दुखण्यांचा होता. काही वेळा अपडेटच सदोष होते, आणि तेही मी खाली सांगणार आहे. पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा असतो.

पहिली तपासणी : थांबणे आणि दिव्याकडे पाहणे

खर्च शून्य, पण सर्वांत कठीण तपासणी हीच, कारण समोर ग्राहक उभा असतो. टक्केवारी थांबली म्हणजे काम थांबले, असे नसते. संगणकाच्या पुढच्या बाजूला डिस्कचा एक बारीक दिवा असतो. तो लुकलुकत असेल, तर काम चालू आहे आणि बटणाला हात लावू नये. मासिक अपडेटला एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या यंत्रावर साधारण अर्धा तास पुरतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तेच काम दोन तास घेऊ शकते, आणि वर्षातून एकदा येणारे मोठे आवृत्ती-अपडेट त्याहूनही जास्त. एका पतसंस्थेत लिपिकाने चाळीस मिनिटे वाट पाहून सरळ वायर ओढली. यंत्र त्या वेळी फाइली बदलण्याच्या ऐन मध्यावर होते. त्यानंतर ते सुरू करायला दीड दिवस गेला. ती वाट आणखी तासभर पाहिली असती, तर बहुधा माझी गरजच पडली नसती.

दिवा पूर्ण विझलेला आहे, आकडा तीन तास तोच आहे आणि माऊसला काहीही प्रतिसाद नाही, अशा तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तरच बटण दहा सेकंद दाबून धरून यंत्र बंद करावे आणि पुन्हा सुरू करावे. विंडोज अर्धवट राहिलेले अपडेट बहुतेक वेळा स्वतःच मागे घेते. दिवा नसलेल्या लॅपटॉपवर अंगाला कान लावून पंख्याचा किंवा डिस्कचा आवाज ऐकावा.

दुसरी तपासणी : ‘शट डाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’

विंडोज १० आणि ११ मध्ये बंद करून चालू केलेला संगणक खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतोच, असे नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ नावाच्या सोयीमुळे बंद करताना प्रणालीच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणून प्रिंटर किंवा टोकन ओळखले जात नसेल, तर तीन वेळा बंद-चालू करूनही फरक पडत नाही, आणि एकदाच ‘रीस्टार्ट’ केल्यावर ते सापडते. हे साधे आहे म्हणून ते टाळू नये. फोनवरून केवळ एवढ्या सूचनेने मिटलेली प्रकरणे माझ्या वहीत भरपूर आहेत.

तिसरी तपासणी : घड्याळ

पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख बरोबर आहे का, ते पाहावे. लाईट गेल्यानंतर तारीख दरवेळी काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल संपला आहे. अपडेटच्या सर्व्हरशी होणारे बोलणे कूटबद्ध असते आणि त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे ठरावीक तारखांमध्येच वैध असतात. संगणकाला आजचे वर्ष २०१५ वाटत असेल, तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून अस्तित्वातच आलेले नाही, आणि तो जोडणी नाकारतो. परिणाम असा, की अपडेट उतरत नाही, बँकेची संकेतस्थळेही उघडत नाहीत, आणि दोष मात्र इंटरनेटला दिला जातो.

सेल सीआर २०३२ या क्रमांकाचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही शंभर रुपयांच्या आत मिळतो. डेस्कटॉपची मुख्य वायर काढून, झाकण उघडून तो कोणालाही बदलता येतो. मग तारीख एकदा दुरुस्त करावी. लॅपटॉप मात्र यासाठी घरी उघडू नये.

चौथी तपासणी : सी ड्राइव्हवरील मोकळी जागा

माझ्या अनुभवात या बिघाडाचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, त्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहितो.

अपडेट उतरवायला जागा लागते, ते उलगडायला वेगळी जागा लागते, आणि फसल्यास मागे जाता यावे म्हणून जुन्या फाइली राखायला आणखी जागा लागते. सी ड्राइव्हवर तीन-चार जीबीच शिल्लक असतील, तर ही तिन्ही कामे होत नाहीत. यंत्र प्रयत्न करते, अर्ध्यावर येते, सारे मागे घेते आणि दुसऱ्या रात्री तोच प्रयत्न पुन्हा करते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की अपडेटमुळे संगणक रोज त्रास देतो. मी किमान २० जीबी मोकळी असल्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी करत नाही. १२८ जीबीची एसएसडी बसवलेल्या स्वस्त यंत्रांत ही अडचण वर्षभरात येतेच.

‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘स्टोरेज’ उघडावे. ‘टेम्पररी फाइल्स’ या नोंदीखाली काय काय काढता येईल, याची यादी मिळते. या यादीत ‘डाउनलोड्स’ हीही एक ओळ असते. तिच्यापुढे खूण करू नये, हे मी प्रत्येक ठिकाणी दोनदा सांगतो. ई-सेवा केंद्रात लोकांचे उत्पन्नाचे दाखले, सात-बारा, फोटो, सह्यांच्या प्रतिमा हे सारे त्याच फोल्डरमध्ये पडलेले असते, आणि येथून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही. त्या फोल्डरमधील हवे ते आधी दुसऱ्या ड्राइव्हवर हलवावे.

‘पूर्वीची विंडोज आवृत्ती’ अशा अर्थाची एक मोठी नोंद दिसू शकते. आवृत्ती-अपडेटनंतर दहा दिवस मागे जाण्याची सोय असते, ती या फाइलींच्या आधाराने. नवी आवृत्ती नीट चालत असल्याची खात्री झाल्यावरच ती काढावी. आणखी एक विनंती अशी, की ‘विंडोज’ या मूळ फोल्डरमध्ये शिरून मोठे दिसणारे फोल्डर हाताने पुसू नयेत. तसे केलेल्या यंत्रावर पुढचे एकही अपडेट बसत नाही, आणि नव्याने विंडोज घालण्यावाचून सहसा पर्याय उरत नाही.

पाचवी तपासणी : जोडणी आणि वीज

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या कार्यालयांत रोजचा डेटा दुपारपर्यंत संपतो आणि अपडेट अर्धे उतरून पडते. तेच दुसऱ्या दिवशी घडते. अशी जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवली, की बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत आणि कामाचा डेटा वाचतो. पण मग महिन्यातून एक दिवस चांगल्या जोडणीवर बसून ती स्वतः उतरवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. एकाच कार्यालयात पाच-सहा संगणक असतील, तर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये स्थानिक जाळ्यातील संगणकांकडून घेण्याची मुभा चालू करावी. एका यंत्राने उतरवलेले तुकडे बाकीच्यांना मिळतात आणि तेच अपडेट सहा वेळा उतरवावे लागत नाही.

विजेबाबत : यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी नावापुरती उरते. मुख्य वीज मुद्दाम बंद करून यंत्र किती मिनिटे तग धरते, ते एकदा पाहावे. ही चाचणी सगळी कामे जतन करून, अपडेट चालू नसताना करावी. दहा मिनिटेही टिकत नसेल, तर बॅटरी बदलण्याचा खर्च डिस्कवरील माहिती परत मिळवण्याच्या खर्चापुढे फारच थोडा आहे. लॅपटॉप असेल, तर अपडेटच्या वेळी चार्जर लावलेला असावा.

सहावी तपासणी : प्रिंटर आणि जोडलेली उपकरणे

प्रिंटरची यूएसबी वायर काढून दुसऱ्या छिद्रात लावली, की विंडोज त्याला नवा प्रिंटर समजून दुसरी नोंद करते. अपडेटनंतर ओळख नव्याने होतानाही असेच घडू शकते. लेखा-सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नावाला छपाई पाठवत राहते. त्यामुळे आधी प्रिंटरच्या यादीत दोन नोंदी आहेत का ते पाहावे, चालू असलेली नोंद ‘डीफॉल्ट’ करावी, आणि विंडोजने स्वतःहून डीफॉल्ट प्रिंटर ठरवण्याचा पर्याय बंद करावा. त्याने काम झाले नाही, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्या उपकरणाच्या गुणधर्मांत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण उपलब्ध आहे का, ते पाहावे. ते उपलब्ध असेल, तर ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण विंडोजशी जोडणारे छोटे सॉफ्टवेअर, आधी कधीतरी बदलला गेला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

खरोखर सदोष अपडेटचे उदाहरण येथेच द्यायला हवे. मार्च २०२१ च्या मासिक अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर छपाईची आज्ञा दिली, की संगणक निळा पडदा दाखवून बंद पडत असे. आठवड्याभरातच मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. त्याच वर्षी जुलैमध्ये छपाईच्या सेवेतील एक गंभीर सुरक्षा-दोष उघड झाला, त्यासाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली, आणि त्या बदलांमुळे अनेक कार्यालयांतील जाळ्यावरची छपाई अडली. म्हणजे एकाच वर्षात एकदा अपडेटने छपाई मोडली, आणि एकदा अपडेट न घेणे धोक्याचे ठरले.

सातवी तपासणी : अपडेटचा साठा नव्याने करणे

येथून पुढे जाण्याआधी कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी. लेखा-सॉफ्टवेअरचा बॅकअप त्याच सॉफ्टवेअरमधून घ्यावा. केवळ फोल्डर उचलून ठेवणे नेहमी पुरेसे नसते.

आधी विंडोजमधला ‘विंडोज अपडेट’चा समस्यानिवारक चालवावा. त्याने भागले नाही, तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस’ या दोन सेवा थांबवाव्यात, ‘विंडोज’ फोल्डरमधील ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन’ या फोल्डरचे नाव बदलावे आणि संगणक रीस्टार्ट करावा. विंडोज त्या नावाचा फोल्डर नव्याने तयार करते. उतरवताना खराब झालेला एखादा तुकडा जुन्या फोल्डरमध्ये असेल, तर विंडोज दरवेळी तोच वापरायचा प्रयत्न करते. नाव बदलल्याने तो बाजूला पडतो. पुसण्याऐवजी नाव बदलायचे ते अशासाठी, की गरज पडल्यास परत येता यावे. पडद्यावर दिसणारा अपडेटचा जुना इतिहास यामुळे कोरा होतो, त्यामुळे त्रुटी-क्रमांक आधीच लिहून ठेवावा.

तरीही तेच घडत असेल, तर प्रशासक म्हणून उघडलेल्या काळ्या खिडकीत दोन आज्ञा द्याव्यात. पहिली ‘डिसम’ची, जी विंडोजच्या मूळ फाइलींचा साठा दुरुस्त करते, तिच्यामागे ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ हे तीन शब्द तिरक्या रेघेसह, रोमन लिपीत लागतात. दुसरी ‘एसएफसी स्कॅननाउ’ची, जी त्या साठ्याशी ताडून चालू फाइली तपासते. क्रम हाच असावा, कारण साठाच खराब असेल, तर दुसरी आज्ञा दुरुस्ती कशावरून करणार? पहिल्या आज्ञेला इंटरनेट लागते, आणि ती मध्येच बराच वेळ थांबल्यासारखी दिसते. तिला थांबवू नये.

त्रुटी-क्रमांकाच्या शेवटी ८००७०६४३ असेल, तर त्याची अनेक कारणे असू शकतात. पण विंडोज १० वर जानेवारी २०२४ च्या सुमारास तो हजर झाला असेल, तर कारण बहुधा पुनर्प्राप्तीच्या छोट्या विभागात पुरेशी जागा नसणे हे आहे. त्या अपडेटला तेथे २५० एमबी मोकळी जागा हवी होती, आणि जुन्या यंत्रांवर तो विभागच लहान होता. विभागांचे आकार बदलण्याचे काम घरी करू नये. त्यात एक चुकीचा आकडा पूर्ण डिस्क कोरी करू शकतो.

आठवी तपासणी : अपडेट मागे घेणे

संगणक सुरू होत असेल, तर अपडेटच्या इतिहासात ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ सापडते. सुरू होत नसेल, तर विंडोजचे चक्र दिसू लागताच बटण दाबून बंद करणे असे दोन-तीन वेळा केल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा येतो. त्यात ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ या वाटेने शेवटचे मासिक अपडेट किंवा शेवटचे आवृत्ती-अपडेट काढता येते. तेथेच ‘रीसेट’ नावाचाही पर्याय असतो. फाइलींची प्रत नसेल, तर त्याला स्पर्श करू नये.

मासिक अपडेट एकत्रित स्वरूपाचे असते. म्हणजे या महिन्याच्या अपडेटमध्ये मागच्या महिन्यांचे बदलही असतात. त्यामुळे आज काढलेले अपडेट पुढच्या महिन्यात दुसऱ्या क्रमांकाने परत येणारच. काढण्याचा उपयोग दोन-तीन आठवडे मिळवण्यापुरता आहे, आणि तेवढ्या वेळात दुरुस्ती निघण्याची शक्यता चांगली असते. काढल्याबरोबर अपडेट काही आठवड्यांसाठी थांबवायलाही विसरू नये, नाहीतर तेच रात्री पुन्हा बसते.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

४८ अंकी किल्ली मागितली जात आहे आणि ती सापडत नाही, तर काहीही दाबू नये. ही बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधील डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची, किल्ली आहे. आधी त्या यंत्रावर वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दुसऱ्या संगणकावरून शोधावी. बहुतेक घरगुती यंत्रांची किल्ली तेथेच साठवलेली असते. कार्यालयाचे यंत्र असेल, तर ज्यांनी ते बसवले त्यांना विचारावे. किल्ली नसेल, तर डिस्कवरील माहिती वाचण्याचा मार्ग उरत नाही, आणि कोणी पैसे घेऊन किल्लीशिवाय उघडून देतो म्हणत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

डिस्कमधून ठराविक लयीत टकटक आवाज येत असेल, तर यंत्र ताबडतोब बंद करावे. दर वेळी चालू केल्याने डिस्कचे उरलेले आयुष्य कमी होते, आणि प्रत घेण्यासाठी तेच आयुष्य हवे असते.

बायोसचे, म्हणजे विंडोजच्याही आधी यंत्र सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील सॉफ्टवेअरचे, अपडेट चालू असताना वीज गेली आणि आता पडदाच येत नाही. अपडेट मागे घेऊनही निळा पडदा पुन्हा पुन्हा येतो. यंत्र कार्यालयाच्या सर्व्हरचे आहे. किंवा फाइलींची नावे बदलून पैसे मागणारी चिठ्ठी पडद्यावर आली आहे, या चारही प्रसंगी स्वतः काही करू नये. शेवटच्या प्रसंगी जाळ्याची वायर मात्र लगेच काढावी आणि वाय-फाय बंद करावे.

जो कोणी दुरुस्तीला येईल, त्याला दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. माहितीची प्रत घेतल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नाही. आणि अपडेटची सेवा कायमची बंद करून जायचे नाही.

अपडेट बंदच का करू नयेत

ही दुसरी अट अनेकांना पटत नाही, कारण बंद केल्यावर बुधवारचा त्रास खरोखरच थांबतो. असे ‘कायमचे बरे केलेले’ संगणक माझ्याकडे दोन-तीन वर्षांनी येतात तेव्हा त्यांत काय सापडते, ते मी पाहिलेले आहे. म्हणून दोन्ही बाजू नीट मांडतो.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने फाइली जाळ्यावरून वाटून घेण्याच्या व्यवस्थेतील एका दोषाची दुरुस्ती काढली. १२ मे २०१७ रोजी त्याच दोषाचा फायदा घेणारे वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर जगभर पसरले. मधल्या जवळजवळ दोन महिन्यांत ज्यांनी ती दुरुस्ती बसवली, त्यांची यंत्रे त्या दोषातून होणाऱ्या शिरकावापासून सुरक्षित राहिली. २७ जून २०१७ चे नॉटपेट्या हे घातक सॉफ्टवेअर याहून गुंतागुंतीचे होते. त्याची सुरुवात युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या अपडेट-यंत्रणेतून झाली. हल्लेखोरांनी तिच्यातच शिरकाव केला होता. एकदा आत आल्यावर ते पसरले त्यात मार्चमध्ये दुरुस्त झालेला तोच दोष एक मार्ग होता. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली, आणि तिच्या समूहातर्फे चालवले जाणारे आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनल ठप्प झाले. एकाच घटनेत अपडेटमधून आलेला धोका आणि अपडेट न घेतल्याने वाढलेला धोका, असे दोन्ही आहेत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची नवी आवृत्ती घेतलेल्या काही जणांच्या कागदपत्रांच्या फाइली पुसल्या गेल्या, आणि मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच तिचे वितरण थांबवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. तेवढ्या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख यंत्रे बंद पडली, आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या वेळेत जे संगणक बंद होते, ते वाचले. नव्या आवृत्त्या उशिरा घ्यायच्या, अशी व्यवस्था ज्या संस्थांनी केली होती, त्यांचीही यंत्रे पडली, कारण या प्रकारच्या फाइलींना तो विलंब लागूच नव्हता.

या दोन्ही बाजू समोर ठेवून मी काही वर्षांपासून एकच पद्धत वापरतो. सुरक्षेची मासिक अपडेट चालू ठेवायची, पण पहिल्या दिवशी घ्यायची नाहीत. विंडोजच्या होम आवृत्तीत जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवण्याची सोय आहे. मी दुसऱ्या मंगळवारच्या आदल्या दिवशी एक आठवडा थांबवायला सांगतो. एवढ्या काळात ढोबळ दोष जगासमोर आलेले असतात, आणि हल्ल्याचा धोका त्या मानाने कमी वाढलेला असतो. प्रो आवृत्तीत मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत आणि आवृत्ती-अपडेट ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते. मासिक अपडेटला सात दिवस आणि आवृत्ती-अपडेटला चार-सहा महिने हे माझे माप आहे. नवनवीन सुधारणा लगेच मिळवण्याचे बटण कार्यालयाच्या यंत्रावर बंद ठेवावे. ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ हाताने भरावेत. ते १८ तासांपर्यंत ठेवता येतात, म्हणजे दिवसा आपोआप रीस्टार्ट होण्याचा प्रश्न मिटतो. प्रिंटर आणि टोकनचे ड्रायव्हर चालत असतील, तर पर्यायी यादीतून नवे घेऊ नयेत. विषाणूरोधकात रोज येणाऱ्या नव्या विषाणूंच्या नोंदी मात्र थांबवू नयेत. त्या थांबवण्यात धोका जास्त आहे.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी आता प्रश्न वेगळा आहे. त्याची नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि जादा मुदतीसाठी नोंदणी केलेल्या घरगुती यंत्रांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. असा संगणक बुधवारी अडत नाही, म्हणून तो निरोगी आहे, असे समजू नये. पैशांचे व्यवहार आणि लोकांची कागदपत्रे त्यावर असतील, तर नोंदणी झाली आहे का, हे आजच ‘विंडोज अपडेट’च्या पानावर पाहावे.

प्रत्येक यंत्राशेजारी एक छोटी वही ठेवावी. बिघाडाची तारीख, त्रुटी-क्रमांक, अपडेटचा केबी क्रमांक (इतिहासात त्याच्या नावापुढे ‘KB’ने सुरू होणारा आकडा), त्या दिवशी सी ड्राइव्हवर किती जागा होती आणि काय केल्यावर यंत्र सुरू झाले, एवढ्या पाच नोंदी पुरेशा आहेत. मला बोलवावे लागलेच, तर मी सर्वांत आधी तीच वही मागतो, आणि ती असेल, तर दोन तासांचे काम बहुधा अर्ध्या तासात होते.